पाण्यातल्या झाडोऱ्याचा बायोचार: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बायोचार करायचा म्हटलं की नव्या माणसाचं लक्ष आधी भट्टीकडे जातं. पिंप कुठलं घ्यायचं, भोकं किती पाडायची, किती तापवायचं. पाणथळ जागेतल्या वनस्पतींच्या बाबतीत मात्र भट्टी हा शेवटचा आणि तुलनेने सोपा भाग आहे. खरी मेहनत पाणी घालवण्यात जाते.

ताज्या जलपर्णीत शंभरातले ९० ते ९५ भाग पाणीच असतं. म्हणजे १०० किलो ओली जलपर्णी ओढून काठावर आणली, तर वाळल्यावर हाती ५ ते १० किलो उरते आणि तिचा कोळसा होतो दीड ते तीन किलो, तोही भट्टी नीट जमली तर. हा हिशोब पटत असेल तरच पुढे जा. वाळवायला जागा नसेल आणि पाणी स्वच्छ असेल, तर सरळ कंपोस्ट करा. त्यात कमीपणा काहीच नाही.

बायोचार म्हणजे हवा जवळजवळ न लागू देता तापवलेल्या वनस्पतीचा कोळसा. साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सियसला वनस्पतीतला बाष्पशील भाग वायू आणि डांबराच्या रूपाने निघून जातो आणि मागे कार्बनचा सच्छिद्र सांगाडा उरतो. तो मातीत सहजी कुजत नाही. तोच पाला पाण्यात कुजला असता, तर त्यातल्या कार्बनचा काही भाग मिथेन होऊन हवेत गेला असता. जळणाच्या कोळशापेक्षा हा वेगळा ठरतो तो त्याच्या वापरामुळे: तो मातीत घालायचा असतो, म्हणून त्यात डांबर, प्लॅस्टिकची राख किंवा जड धातू असून चालत नाहीत.

कोणती वनस्पती घ्यायची

पाण्याकाठी वाढणारं सगळं सारखं नसतं. नवशिक्याने सुरुवात नळापासून करावी, म्हणजे पाण्याकाठी वाढणाऱ्या, बांबूसारख्या पोकळ कांड्यांच्या उंच गवतापासून. त्याची कांडं काटक असतात, हंगाम संपला की उभी वाळतात आणि भट्टीत लाकडाच्या बरीच जवळपास वागतात. एकच खबरदारी: नळाची पेरं दोन्ही बाजूंनी बंद असतात. तापल्यावर आतली हवा फुगते आणि ती फटाफट फुटतात, निखारे उडतात. म्हणून कांडं आधी चिरून किंवा ठेचून घ्यायची.

पाणकणीस दुसऱ्या क्रमांकावर. त्याची पानं लांब आणि आतून हवेच्या कप्प्यांनी भरलेली असतात, त्यामुळे ती लवकर वाळतात. पण कणसं आधी कापून बाजूला काढा. एकेका कणसात लाख-दोन लाख बिया असतात आणि त्यांचा कापूस पेटला की ठिणग्या वाऱ्याबरोबर कुठेही जातात. लव्हाळे आणि तत्सम गवतं चालतात, मात्र ती एकटी जाळली तर भुरुभुरु जळून राख होते. शेवाळ, गोंडाळ, टिकलीएवढ्या तरंगत्या वनस्पती यांच्या नादी लागू नका. वाळल्यावर काही उरतच नाही.

जलपर्णी सगळ्यात अवघड, आणि नेमकी तीच सगळ्यांना संपवायची असते. तिच्या कोरड्या वजनातला पाचवा भाग, कधी त्याहूनही जास्त, नुसती राख असते: पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराइड आणि मुळ्यांना चिकटलेला गाळ. कोळसा करताना राख कुठे जात नाही, ती कोळशात जमा होते. त्यामुळे जलपर्णीच्या बायोचारमध्ये निम्म्याच्या आसपास कार्बन आणि उरलेला बराचसा खनिज भाग असतो. चांगल्या लाकडाच्या बायोचारमध्ये कार्बन ७० ते ८० टक्के किंवा त्याहून जास्त असतो. म्हणून जलपर्णीचा माल टाकाऊ ठरत नाही, पण त्याच्याकडे ‘कार्बन साठवणारा कोळसा’ यापेक्षा ‘पोटॅश असलेला, अल्कधर्मी कोळसा’ म्हणून पाहावं. पुढे वापरताना हे लक्षात ठेवावं लागतं.

पाणी कुठून येतं, ते आधी पाहा

ही पायरी टाळू नका, कारण इथे झालेली चूक भट्टीत सुधारत नाही. जलपर्णी आणि पाणकणीस दोघंही पाण्यातले धातू शोषून घेतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, आर्सेनिक, जे असेल ते, आणि बहुतेकदा देठापानांपेक्षा मुळ्यांमध्ये जास्त. सांडपाणी शुद्ध करायला या वनस्पती लावतात, त्या याच गुणामुळे. पण सांडपाण्यावर पोसलेला पाला जाळला की धातू नाहीसे होत नाहीत. वजन एक तृतीयांश झालं आणि धातू तेवढेच राहिले, तर त्यांचं प्रमाण तिप्पट होतं. पारा आणि काही अंशी कॅडमियम वाफ होऊन उडतात, म्हणजे ते तुमच्या नाकात जातात. ही काही सुटका नव्हे.

तेव्हा वरच्या अंगाला काय आहे ते चालत जाऊन पाहा. रंगकाम, चामडं, धातूवर मुलामा देणं, बॅटऱ्या यांचं सांडपाणी मिसळत असेल, तर त्या पाण्यातल्या वनस्पतीचा बायोचार खाण्याच्या पिकाला वापरायचा नाही, असं ठरवूनच टाका. शंका असेल तर वाळलेल्या पाल्याचा नमुना प्रयोगशाळेत देऊन धातूंची तपासणी करून घ्या. भट्टी बांधण्याआधी केलेला हा खर्च सगळ्यात स्वस्त पडतो.

काढणी

पाणथळ जागांना बऱ्याच देशांत कायद्याचं संरक्षण आहे. १९७१ चा रामसर करार तर खास याच जागांसाठी झाला. जागा कोणाच्या ताब्यात आहे, कापायला परवानगी लागते का, हे आधी विचारा. बाहेरून येऊन पसरलेली जलपर्णी काढायला सहसा कोणी हरकत घेत नाही. नळ आणि पाणकणसाची बनं मात्र पक्ष्यांची घरटी करण्याची जागा असतात. विणीच्या हंगामात त्यांना हात लावू नका आणि एका वेळी सगळं बन भुईसपाट करू नका. पट्ट्यापट्ट्याने कापा, निदान अर्धं उभं ठेवा.

कापताना फक्त पाण्यावरचा भाग घ्या. जमिनीतले कंद उपटायचे नाहीत, दोन कारणांनी. एक तर कंदांबरोबर गाळ येतो आणि राख वाढते. दुसरं कारण मोठं आहे: पाणथळीच्या तळाच्या मातीत शतकानुशतकं साठलेला कार्बन असतो. तो उकरून हवेला दाखवला, तर चार पोती बायोचार करून आपण जे साधू त्याहून जास्त तिथे गमावून बसू. पाणकणीस पाण्याच्या पातळीखाली छाटलं तर कंदाला हवा मिळत नाही आणि ते गुदमरून मरतं. मुद्दाम हटवायचं असेल तर हा उपाय चांगला. दरवर्षी कापणी हवी असेल तर पाण्याच्या वर वीतभर खुंट ठेवा.

नळासाठी कोरडा, थंड हंगाम उत्तम. तोपर्यंत झाडाने पानांतलं अन्न बरंचसं कंदात ओढून घेतलेलं असतं. कांडं कोरडी, हलकी आणि कमी राखेची मिळतात. जलपर्णी मात्र फुलण्याआधी काढा. तिचं बी तळाच्या चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं.

पाण्यात एकट्याने उतरू नका. तळाला काचा, जाळी, तारा असतात, आणि तरंगत्या थराखाली पाणी किती खोल आहे ते वरून कळत नाही. शक्य असेल तर दाताळ्याने किंवा दोराला बांधलेल्या गळाने काठावरूनच ओढा. ओढलेली जलपर्णी पहिला दिवस काठावरच उतारावर ठेवा. पाणी निथळतं, आणि अडकलेले मासे, बेडकं, गोगलगायी परत पाण्यात जातात. दुसऱ्या दिवशी ढीग हातमोजे घालून, काठीने चाळवून मगच उचला. सापाला असे थंड ओले ढीग फार आवडतात. ढीग तसाच पडून राहिला तर डासांचीही सोय होते. मॅन्सोनिया जातीच्या डासांच्या अळ्या तर जलपर्णीच्या मुळ्यांनाच चिकटून त्यांच्यातली हवा घेतात.

वाळवण

सगळं यश इथे ठरतं, म्हणून घाई नको.

आधी मुळ्या कापून टाका. जलपर्णीचा गाळ आणि धातू मुख्यत्वे तिथेच असतात, आणि वाळायलाही त्याच सर्वात जास्त वेळ घेतात. कापलेल्या मुळ्या पाण्यात परत टाकू नका. गड्ड्याचा तुकडा जिवंत राहिला तर त्यातून नवं रोप येतं, म्हणून पाण्यापासून लांब, उन्हात पसरून आधी पूर्ण मारून टाका. प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोऱ्या, थर्माकोल याच वेळी वेचून काढा. वनस्पतीत क्लोराइड आधीच बरंच असतं. त्यात प्लॅस्टिक जळलं तर डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होण्याचा धोका वाढतो.

मग देठ चेचा. जलपर्णीचा फुगीर देठ म्हणजे हवेचे कप्पे आणि वरून मेणचट साल. आहे तसा उन्हात टाकला तर बाहेरून तपकिरी, कोरडा दिसतो आणि आत दिवसेंदिवस ओला राहतो. हा देठच नवशिक्याला फसवतो. पायाने तुडवा, रोलर फिरवा किंवा उभा चिरा, काहीही करा, पण साल फुटली पाहिजे.

पसरताना थर चार बोटांपेक्षा जाड नको आणि तो जमिनीवर नको. जाळीवर, बांबूच्या ताटीवर, नाहीच तर ताडपत्रीवर पसरा. खालून वारा लागला तर वाळायचा वेळ बराच कमी होतो आणि माती चिकटत नाही. रोज एकदा उलटा. संध्याकाळी झाका, नाहीतर दिवसभरात गेलेलं पाणी दव परत आणून देतं. जलपर्णीतले पोटॅशियमचे क्षारही हवेतली ओल ओढतात, म्हणून कुरकुरीत झालेला पाला उघड्यावर ठेवला तर दोन दिवसांत मऊ पडतो. वाळला की लगेच छपराखाली न्या आणि लवकर भट्टीत घाला. अर्धवट वाळलेल्या पाल्याचा ढीग करू नका. तो आतून तापतो, बुरशी धरतो, आणि पुढे हाताळताना तिची धूळ छातीत जाते.

वाळला हे कसं ओळखायचं? सर्वात जाड देठ घ्या आणि वाकवा. वाकला तर ओला, कट्कन मोडला तर कोरडा. याहून खात्रीचा मार्ग वजनाचा: एक पेंढी बांधून दुपारी वजन करा, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा करा. फरक पडला नाही तर हवेने जेवढं पाणी घालवायचं तेवढं घालवलं. भट्टीसाठी ओलावा १५ टक्क्यांच्या आसपास हवा. २० च्या वर गेला की धूर सुरू होतो.

भट्टी: दोन मार्ग

दोन्ही मार्ग उघड्यावरचेच. घरात, गोठ्यात, बंद छपराखाली भट्टी कधीही लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस बेशुद्ध पडेपर्यंत कळत नाही. वारा मंद असलेला दिवस निवडा, भट्टीभोवती दहा-बारा पावलं जमीन साफ करा, आणि काडी ओढण्याआधी पाण्याची पिंपं भरून ठेवा. सुती कपडे, जाड बूट, चामड्याचे हातमोजे.

पहिला मार्ग पिंपात पिंप. हलक्या, भुसभुशीत मालासाठी, म्हणजे जलपर्णी आणि लव्हाळ्यासाठी, मी हाच सुचवेन, कारण यात मालाला आग थेट लागत नाही.

१. बाहेरचं पिंप २०० लिटरचं, खालच्या कडेने हवेसाठी भोकं पाडलेलं. आतलं पिंप साधारण ४० सेंटिमीटर व्यासाचं, घट्ट झाकणाचं, म्हणजे चहूबाजूंनी आठ-नऊ सेंटिमीटर फट राहते. दोन्ही साध्या लोखंडाची हवीत. जस्ताचा मुलामा असलेलं पिंप तापलं की जस्ताचा विषारी धूर सोडतं, आणि रसायनाचं जुनं पिंप तर मुळीच नको.

२. आतल्या पिंपाच्या तळाशी बोटभर रुंदीची पाच-सहा भोकं पाडा. ही भोकं म्हणजे जीव वाचवणारी सोय आहे. वायूला वाट नसेल तर बंद पिंप फुटतं.

३. वाळलेला पाला दाबून भरा. जलपर्णी इतकी हलकी असते की नुसती टाकली तर पिंपभर मालातून ओंजळभर कोळसा निघतो. थर टाका, दांडक्याने ठोका, पुन्हा थर टाका. तळाची भोकं बुजू नयेत म्हणून सर्वात खाली नळाची आडवी कांडं घाला.

४. आतलं पिंप तीन विटांवर ठेवा, झाकण लावा, फटीत सुकी लाकडं किंवा नळ भरून पेटवा. आधी पांढरी वाफ येईल. काही वेळाने खालच्या भोकांतून निघणारा वायू स्वतःच पेट घेतो. इथून पुढे माल स्वतःचं इंधन स्वतः पुरवतो आणि बाहेरचं सरपण कमी लागतं. तिथे पोचायच्या आत सरपण संपू द्यायचं नाही.

५. भोकांतल्या ज्वाळा मंदावून विझल्या की काम झालं. आतलं पिंप उघडायचा मोह आवरा. गरम कोळशाला हवा लागली की तो पेटतो आणि तासाभराच्या मेहनतीची राख होते. भोकांवर ओली माती लिंपून ती बंद करा आणि सकाळपर्यंत तसंच राहू द्या.

दुसरा मार्ग उघड्या शंकूचा. २०१४ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या इथाका इन्स्टिट्यूटने ‘कॉन-टिकी’ नावाची शंकूच्या आकाराची भट्टी पुढे आणली आणि तिचे आराखडे सर्वांना खुले ठेवले. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली. पत्र्याचा शंकू नसला तरी जमिनीत उतरत्या भिंतींचा खड्डा चालतो: वर सव्वा-दीड मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल. पाण्याकाठी खणू नका, खालून पाणी लागतं, उंचवट्यावर जा.

यातलं तत्त्व साधं आहे. वरची ज्वाळा येणारा प्राणवायू खाऊन टाकते, त्यामुळे तिच्याखालचा निखारा जळत नाही. तळाशी काटक्यांचा चौकोनी मनोरा रचा आणि वरून पेटवा. निखारे झाले की पातळ थर टाका. त्या थरावर राखेची पांढरट झाक दिसू लागली की लगेच पुढचा थर. लवकर टाकलात तर ज्वाळा दबून धूर होतो, उशीर केलात तर राख होते. नळाच्या बाबतीत ही वेळ साधायला सवड मिळते. जलपर्णी किंवा पाणकणसाची सुटी पानं मात्र पाहता पाहता राख होतात, म्हणून त्यांच्या मनगटाएवढ्या घट्ट पेंढ्या बांधा आणि निम्मा माल नळ किंवा छाटणीचं लाकूड असा मिसळा. धूर दिसला की हात थांबवा. स्वच्छ ज्वाळा म्हणजे वायू जळतोय. पिवळा-पांढरा धूर म्हणजे मिथेन आणि डांबर हवेत चाललंय, आणि मग या सगळ्या खटाटोपाचा पर्यावरणाला होणारा फायदा तुम्हीच खाऊन टाकताय.

या पद्धतीत कोरड्या वजनाच्या पाचवा ते चौथा भाग कोळसा मिळतो. पिंपात पिंप असेल तर २५ ते ३५ टक्के. अर्थात राखेचं वजन त्यातच धरलेलं आहे.

विझवणं आणि पारखणं

उघडी भट्टी भरपूर पाण्याने विझवा, कडेकडेने आणि हळू. एकदम पाणी ओतलं तर वाफेचा लोट अंगावर येतो. वर पाणी साठून दिसलं तरी थांबू नका. फावड्याने ढवळा, पुन्हा ओता. विझल्यासारखा दिसणारा कोळसा काही तासांनीही पेट घेतो. म्हणून पातळ पसरून पूर्ण एक दिवस नजरेखाली ठेवा, आणि हाताला थंड लागल्याशिवाय पोत्यात भरू नका.

मग चिमटीत चुरडा. चांगला बायोचार कुरकुरीत तुटतो, काळा डाग पडतो आणि नुसत्या पाण्याने धुतला जातो. बोटं तेलकट राहिली, डांबराचा वास आला किंवा तुकड्याच्या आत तपकिरी गाभा दिसला, तर तो अर्धा कच्चा आहे. पुढच्या भट्टीत परत घाला. मोठ्या प्रमाणावर करणार असाल तर प्रयोगशाळेची तपासणी हवीच. त्यात हायड्रोजन आणि सेंद्रिय कार्बन यांचं अणूंचं गुणोत्तर पाहतात. युरोपीय बायोचार प्रमाणपत्रासाठी ते ०.७ च्या खाली असावं लागतं. जड धातू आणि पीएएच ही कर्करोगकारक संयुगंही त्याच वेळी तपासून घ्या.

घरच्या घरी करता येणारी एक चाचणी आहे. दोन कुंड्या घ्या, एकीत नुसती माती, दुसरीत मातीबरोबर दहावा हिस्सा बायोचार. दोन्हींत मोहरीच्या किंवा मुळ्याच्या मोजून सारख्या बिया टाका. बायोचारच्या कुंडीत उगवण स्पष्ट कमी झाली, तर त्यात क्षार किंवा डांबर जास्त आहे.

जलपर्णीच्या बाबतीत बहुधा क्षारच. तिच्या बायोचारचा सामू ९ ते १० किंवा वर असतो. तो पाण्यात एक-दोन दिवस भिजवून निथळला तर क्लोराइड आणि बराचसा पोटॅश धुऊन जातो. धुतलेलं पाणी तळ्यात सोडू नका. पुढच्या वर्षीच्या जलपर्णीला ते आयतं खत होईल. पातळ करून कंपोस्टवर शिंपा.

मातीत घालण्याआधी

कोरा बायोचार थेट मातीत गेला तर आधी स्वतःच नत्र धरून बसतो आणि पीक पिवळं पडतं. त्याला मुरवावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे कंपोस्टचा ढीग लावतानाच आकारमानाने दहावा हिस्सा बायोचार मिसळणं. ढीग तयार होईपर्यंत तोही तयार होतो. घाई असेल तर पिकलेल्या कंपोस्टमध्ये निम्मा-निम्मा मिसळून ओलसर ठेवा आणि तीन-चार आठवडे थांबा. मिसळण्याआधी ओल्या पोत्यात घालून कुटून वाटाण्याएवढे तुकडे करा. कोरडा कुटलात तर धूळ उडते. तोंडाला मास्क हवाच.

ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी घडवलेली काळी सुपीक माती सगळ्यांना ठाऊक असते, आणि जलपर्णीचं मूळही त्याच खोऱ्यातलं. पण त्या मातीत कोळशाबरोबर हाडं, उष्टं-खरकटं, मैला असं सगळं मुरलेलं होतं, हे सांगायचं राहून जातं.

आम्लधर्मी, हलक्या, वालुकामय जमिनीत हा बायोचार सर्वात उपयोगी पडतो. जमीन आधीच खारवट किंवा चुनखडीची असेल, तर जलपर्णीचा बायोचार तिथे घालू नका. नळाचा, धुतलेला, थोडा घालून पाहा. कुंडीत आकारमानाने दहाव्या हिश्श्याच्या वर जाऊ नये. शेतात चौरस मीटरला एक किलो हे मध्यम प्रमाण, म्हणजे हेक्टरी १० टन. इतक्या जलपर्णीच्या बायोचारला शेकडो टन ओला माल लागेल, तेव्हा सगळ्या रानात फेकायचा विचार सोडा. रोप लावायच्या खड्ड्यात, भाजीच्या ओळीत, मुळं जिथे पोचतात तिथे दहा-पंधरा सेंटिमीटर खोलीवर मिसळा. शेजारची एक ओळ मुद्दाम बायोचारशिवाय ठेवा, बाकी खत-पाणी दोन्हींना तेवढंच द्या, आणि दोन हंगाम दोन्ही ओळींचं उत्पन्न वेगवेगळं मोजा.